कुंतीचं कुंपण

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही, आणि आमची संत्र्याची बाग मेली ती त्यांच्याच हातून. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. ती एका दमात म्हणायला मला बरीच वर्षं लागली. माझ्या बायकोला अजून जमलेलं नाही.

शहरात त्यांना सगळे लेव्हलकाका म्हणत. खरं नाव मला लग्नाच्या अर्जावर पहिल्यांदा दिसलं आणि मी ते विसरूनही गेलो. कुंपणं कापणं हा त्यांचा धंदा. कुणी माळी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. माळी फुलं लावतो, गवत काढतो, मालकिणीशी गप्पा छाटतो. आपण फक्त कुंपण करतो, असं ते बजावून सांगत. इस्पितळाच्या फाटकापासून दारापर्यंतची दुहेरी रांग त्यांची, कोर्टासमोरचा चौकोन त्यांचा, शाळेच्या मैदानाची कड त्यांची, बँकेच्या साहेबाच्या बंगल्याभोवतीची हिरवी भिंतही त्यांचीच. दोन टोकांना खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, एक डोळा मिटून तिच्या लांबीवरून बघायचं आणि म्हणायचं, "लेव्हल." मग कात्री सुरू. कापून झालं की मागे सरकून पुन्हा एक डोळा मिटायचा आणि पुन्हा "लेव्हल". रस्त्यावरची पोरं त्यांच्या मागून एक डोळा मिटून चालायची. त्याचाही त्यांना राग नव्हता. कार्टी त्या निमित्ताने सरळ रेषेत तरी चालतात, एवढंच त्यांचं म्हणणं.

कुंपण वरून नाही, खालून कापायला घ्यायचं, हा त्यांचा पहिला नियम. तळाशी रुंद, वर किंचित अरुंद. तसं नाही केलं तर वरच्या फांद्या खालच्यांचं ऊन खातात आणि तळ उघडा पडतो. उघड्या तळाचं कुंपण म्हणजे वर कोट घालून खाली चड्डी विसरलेला माणूस, असं ते म्हणत. हे त्यांनी माझ्या आईसमोरही सांगितलं, तेसुद्धा पहिल्याच भेटीत. आई पदराआड हसली आणि सोयरीक पक्की झाली, असं मी धरून चालतो.

त्यांची सगळी कुंपणं एकाच झुडपाची असत, कुंतीची. बारीक, गडद हिरवी, तेल लावल्यासारखी चकचकीत पानं, बाराही महिने अंगावर. ऊन सोसते, सावली सोसते, आणि कात्री तर अशी सोसते की जितकी कापाल तितकी दाट होते. ते रोपं स्वतः बियांपासून करत. लाल टपोरी फळं तोडायची, राखेत आणि वाळूत चोळून गर काढायचा आणि बी लगेच पेरायचं. कुंतीचं बी थांबत नाही. सुकलं की गेलं. मग पिशवीत रोप, वीतभर व्हायला वर्ष, आणि कुंपण म्हणवून घ्यायला आणखी तीन. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला ते सरळ वाटेला लावत. लाकूडही वाया जात नसे. त्यांच्या कात्रीच्या मुठी कुंतीच्याच होत्या, पिवळट, टणक, हाताच्या घामाने गुळगुळीत झालेल्या.

कुंतीला फुलंही येतात, हे मात्र शहरात फारसं कुणाला माहीत नव्हतं. फूल धरतं ते नव्या शेंड्यावर आणि शेंडा कात्रीत जातो, मग कापत्या कुंपणाला फूल येणार कुठून? बियांसाठी म्हणून त्यांनी आपल्या खोलीमागे एक झुडूप मोकळं सोडलं होतं, त्याला यायची. पांढरी, पाच पाकळ्यांची, आणि वास हुबेहूब संत्र्याच्या फुलांचा. कुंती तशी संत्र्याच्याच कुळातली. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, आणि दोघांनाही त्याचं नुसतं कौतुक वाटायचं.

त्यांची खोली एका गादी कारखान्याच्या मागे होती. दिवसभर कापूस पिंजायचं यंत्र चालायचं आणि संध्याकाळी झाडलं तरी पलंगाखालून कापसाचे पुंजके निघायचे. एक पलंग, एक स्टोव्ह, एक पत्र्याची पेटी, कात्री टांगायचा खिळा आणि एक खिडकी. खिडकीखाली रोपांच्या काळ्या पिशव्या. खिडकीतून दिसायची इस्पितळाची मागची गल्ली आणि तिच्या कडेने गेलेलं त्यांचंच कुंपण. एखादा माणूस घरातल्या घड्याळाकडे बघतो तसं ते उठल्यावर आधी त्या कुंपणाकडे बघत.

सासूबाई मी पाहिल्या नाहीत. बायको शाळेतसुद्धा जात नव्हती तेव्हाच त्या गेल्या. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून बापाने पोरीला कामावर सोबत न्यायला सुरुवात केली. ती पडलेली कातरण गोळा करायची आणि मुख्य म्हणजे दोरीचं दुसरं टोक धरायची. खुंटी हलते, पण चिंगी हलत नाही, असं ते लोकांना सांगत. चिंगी म्हणजे माझी बायको. चांगली बाई झाली, इस्पितळाच्या कोठीघरात नोकरीला लागली, तरी सुट्टीच्या दिवशी दोरी धरायला हजर. मी त्याच कोठीघरात संत्र्यांच्या पेट्या पोचवायचो. पुढचं सांगायला नको.

लग्न ठरल्यावर सासरे बाग बघायला आले. आजोबांच्या वेळची बाग, शहराबाहेर, एका बाजूला ओढा आणि तीन बाजूंना मोकळं रान. पश्चिमेकडून कोरडा वारा यायचा आणि ऐन भरात आलेली फुलं झाडून न्यायचा. झाडाखाली पांढरा सडा बघून लोक वा वा करायचे आणि आम्ही मान फिरवायचो, कारण त्यातलं प्रत्येक फूल म्हणजे गेलेलं संत्रं. सासरे वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, एक डोळा मिटला आणि मला म्हणाले, "जावईबापू, पोरीला द्यायला माझ्याकडे काही नाही. कुंपण देतो."

पिशव्या त्यांनी बसच्या टपावरून आणल्या. दर खेपेला कंडक्टरशी वाद, दर खेपेला माती सांडली म्हणून ड्रायव्हरची बोलणी. चर खणला, दोरी बांधली, वर्षानुवर्षं जपून वाढवलेली रोपं एकेक करून मातीत बसवली. तिन्ही बाजू. मित्रांनी मला भरपूर चिडवून घेतलं, सासऱ्याने पळून जायची सोयच ठेवली नाही म्हणून. मीही हसलो. पण ते वाकून, दोन्ही अंगठ्यांनी रोपाच्या बुडाची माती दाबायचे, तेव्हा मला हसू यायचं नाही. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी एवढं वाकून काही केल्याचं आठवत नाही.

कुंपण दाटलं आणि वारा खरंच थांबला. फुलं झाडावर राहायला लागली. आमच्या बागेचं फळ जूसवाले नाव घेऊन मागायचे. रस्त्याने जाणारे गाड्या थांबवून कुंपणाशेजारी फोटो काढायचे आणि बायको त्यांना सांगायची की हे माझ्या बाबांनी केलंय. महिन्यातून दोनदा सासरे यायचे, कात्री फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवलेली. बसमध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे. येऊन पाणी प्यायचे आणि कामाला लागायचे. दोरीचं दुसरं टोक बायकोकडे. दिवसभर बापलेकीत चार शब्द होत असतील नसतील, पण तो दिवस त्या दोघांचा असायचा. मी मधे गेलो तर मला पेट्या मोजायला पाठवायचे. रात्री पेट्यांच्या शेडमध्ये झोपायचे. घरात झोपा म्हटलं तर म्हणायचे, जावयाच्या घरात घोरायला लाज वाटते.

मग एक वर्षी ओढ्याच्या कडेची काही झाडं पिवळी पडली. पिवळीसुद्धा धड नाहीत. पान अर्धं हिरवं, अर्धं पिवळं, जणू कुणी फुंकून रंग उडवलाय. पुढच्या वर्षी फळ वाकडं आलं, एका बाजूला पोट आणि एका बाजूला काही नाही. पिकायला लागलं तरी बूड हिरवंच. कापलं तर आत बी काळं आणि रस कडू. खत दिलं, पाणी वाढवलं, पाणी कमी केलं, औषधं दिली. ज्याने जे सांगितलं ते केलं. सासऱ्यांना तर चैन पडेना. त्यांचं ठाम मत झालं की कुठून तरी वारा आत घुसतोय. कुंपण पुरेसं दाट नाही, आपणच कमी पडतोय. ते दर आठवड्याला यायला लागले. आणखी बारीक कापायचे, आणखी फुटवे आणायचे. वय झालेलं, तरी कुंपणात बोट शिरणार नाही इतकं त्यांनी ते दाट केलं. झाडं आणखी पिवळी झाली.

शेवटी मी फळबाग संशोधन केंद्रातल्या एका बाईंना बोलावलं. झाडांच्या डॉक्टरीणबाई म्हणा. सासरे त्या दिवशी आलेले नव्हते, हे एक बरं झालं की वाईट, अजून मला ठरवता येत नाही. बाईंनी दोन-चार झाडांची पानं उजेडात धरून बघितली आणि काही न बोलता कुंपणाकडे गेल्या. कुंतीचा एक कोवळा शेंडा वाकवून त्यांनी आम्हाला दाखवला. त्यावर तिळाहून लहान किडे बसले होते, डोकं खाली आणि शेपूट वर. बाजूला पांढरे, साखरेच्या धाग्यांसारखे बारीक पुंजके.

त्यांनी समजावून सांगितलं. हा किडा झाडाचा रोग तोंडातून नेतो, एका झाडावरून दुसऱ्यावर. अंडी घालतो ती फक्त कोवळ्या पालवीवर. संत्र्याला पालवी वर्षातून दोन-तीनदा येते, मग एरवी तो उपाशी मरतो. पण कुंती त्याला संत्र्याहून प्रिय. आणि कुंपण कापलं की पालवी फुटते, पुन्हा कापलं की पुन्हा फुटते. तुमच्याकडे त्याला बारा महिने घर आणि जेवण मिळालं, असं त्या म्हणाल्या. रोग आसपासच्या बागांतही शिरलाय, एकट्या तुमचा दोष नाही, हेही सांगितलं. पण कुंपण जायला हवं आणि पिवळी झाडंही. जाता जाता कौतुकाने विचारलं, इतकं सुरेख कापतं कोण? माझी बायको आत निघून गेली.

त्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणत होतो, बाबांना खरं काय ते सांगू. त्यांना कळेल, शहाणा माणूस आहे. ती ऐकेना. तिचं एकच म्हणणं होतं की हे कळलं तर ते पुन्हा कात्री हातात धरणार नाहीत. त्यांच्याकडे दुसरं आहे काय? आई नाही, घर नाही, मित्र नाहीत, शहरभर पसरलेली कुंती तेवढी आहे. मी विचारलं, मग कुंपण काढायचं कारण काय सांगणार? ती म्हणाली, ते मी बघते. माझं डोकं फिरलं होतं, पण बाप तिचा होता.

पुढच्या खेपेला ते जेवायला बसले असताना तिने सांगितलं. ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, कुंपण काढून टाकायचं म्हणतोय. हल्ली सगळ्यांकडे तारेची जाळी असते. हे फार जुनाट दिसतं."

त्यांनी घास तोंडात नेला, चावला, गिळला. मला वाटलं, चिडतील, विचारतील, निदान माझ्याकडे तरी बघतील. मी नजर तयारच ठेवली होती, पण ती त्यांनी मागितली नाही. पाणी प्यायले आणि म्हणाले, "दुसऱ्या कुणाला बोलावू नका. लावलंय मी, मीच काढतो."

आणि काढलं. खणायला सुरुवात करण्याआधी त्यांनी पूर्ण कुंपण एकदा शेवटचं कापलं, तिन्ही बाजू, दोरी लावून. मी म्हटलं, आता कशाला, जाणारच आहे. तर म्हणाले, जाणाऱ्याचेसुद्धा केस विंचरून देतात. बायको दोरी धरायला पुढे झाली, तेव्हा त्यांनी टोक आधीच खुंटीला बांधलेलं होतं. मग कुदळ. कुंतीची मुळं चिवट, खोल गेलेली. ते एक झुडूप काढायचे आणि बसायचे. मीही लागलो मदतीला. तेवढ्या दिवसांत त्यांच्या तोंडून "लेव्हल" एकदाही ऐकू आलं नाही. निघालेल्या झुडपांतलं एखादं तरी खोलीवर न्या, म्हटलं तर मान हलवली. सगळी पेटवून दिली. ओला पाला धुमसत राहिला आणि त्या धुराचा वास कपड्यांतून जाता जाईना.

त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. निरोप पाठवला तर कधी पाय दुखायचे, कधी काम निघायचं. बायको भेटायला गेली की चहा करून द्यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि बस चुकेल म्हणून लवकर उठवायचे. मी एकटा भेटलो तर विचारायचे, जाळी कशी आहे, गंजली नाही ना? यात कुत्सितपणा होता का? होता. त्या माणसाला कुत्सित बोलणं शोभत नव्हतं, म्हणून ते जास्त लागायचं. घरी येऊन मी बायकोला सांगायचो नाही. पण ती माझ्या तोंडाकडे बघून ओळखायची.

एवढं करून बाग वाचली असती तर मी हे कडू औषध म्हणून गिळलं असतं. वाचली नाही. रोग आत शिरलाच होता. एकेक ओळ काढत गेलो आणि एक दिवस जाळीच्या आत राखायला काही उरलं नाही. नुसत्या ढेकळांभोवती इतकी चकाचक जाळी. मी दुसऱ्याच्या फळांची गाडी चालवायला लागलो. आजोबांची आठवण आली की मी गाडीचा रेडिओ मोठा करतो.

मग तो दिवस आला. बायकोची पाळी संपली होती आणि मी तिला न्यायला इस्पितळाशी थांबलो होतो. फाटकापाशी सासरे कापत होते. खुंटी भुसभुशीत मातीत ठरत नव्हती, दोरी सारखी ढिली पडत होती आणि ते पुन्हा पुन्हा उठून ताणत होते. बायको बाहेर आली, तिने पर्स माझ्या हातात दिली, सरळ जाऊन दोरीचं टोक उचललं आणि तिच्या जुन्या जागी उभी राहिली.

ते म्हणाले, "राहू दे. तुझे हात मळतील."

आवाज चढवला नाही, काही नाही. एखाद्या पाहुण्या बाईला सांगावं तसं सांगितलं. बायकोने दोरी सोडली नाही. काम संपेपर्यंत उभी राहिली, त्यांच्या मागोमाग खोलीवर गेली आणि मी चपला काढतोय तोवर तिने सगळं सांगून टाकलं. किडा, पालवी, झाडांच्या डॉक्टरीणबाई, जाळीची थाप. बसलीसुद्धा नाही, दारातच उभं राहून सांगितलं.

पलीकडे कापसाचं यंत्र चालू होतं. सासरे पलंगावर बसून ऐकत होते. तिचं संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे तुला माझी लाज वाटत नव्हती?"

तिने मान हलवून नाही म्हटलं.

आणि ते हसले. मी त्यांना तसं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला म्हणाले, बघा जावईबापू, मला वाटत होतं पोरगी मोठी झाली, आता बापाची कात्री चारचौघांत नको वाटते. इतकी वर्षं हेच डोक्यात घेऊन बसलो होतो. वेडी कुठली, म्हणाले, आणि उठून स्टोव्ह पेटवला. दूध नव्हतं तर कारखान्यातून मागून आणलं. बायको पलंगावर त्यांच्या जागेवर जाऊन बसली, पाय वर घेऊन, लहानपणी बसत असेल तशी. ते तिच्याकडे बघत होते आणि चहा उतू गेला. तो चहा पिऊन होईपर्यंत त्या खोलीत तिघंही सुखी होतो. मला ते अजून खरं वाटत नाही.

कप खाली ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "शेपूट वर करून बसतात, ते किडे?"

"हो," बायको म्हणाली.

"कोवळ्या पानावर."

"हो, बाबा."

"मी पाहिलेत ते. कित्येकदा. मला वाटायचं, एवढासा जीव आणि कसा ऐटीत बसलाय." मग म्हणाले, "मी कापायचो म्हणून पालवी यायची. झाडं पिवळी पडली, तेव्हा मी दर आठवड्याला यायला लागलो."

मी घाईघाईने सांगितलं की रोग आसपासच्या बागांतही होता, बाईंनी स्वतः तसं सांगितलं होतं. बायकोनेही तेच सांगितलं. त्यांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं, जसं इस्पितळातल्या कुंपणाबद्दल तिथल्या साहेबांचं ऐकून घ्यायचे, काही न मानता. मग उठून कात्री पुसली. नेहमी धार लावून, तेलाचा हात फिरवून टांगायचे. त्या दिवशी नुसती पुसली आणि टांगली. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी समजलो, आणि समजलो नाही असं दाखवलं.

ती कात्री पुन्हा खिळ्यावरून निघाली नाही. इस्पितळाचा माणूस बोलवायला आला, त्याला हात दुखतात म्हणून सांगितलं. शाळेतून निरोप आला, कोर्टातून आला, सगळ्यांना तेच. त्यांनी दुसरा कुणी बघितला असेल नसेल. मशीन घेऊन एकजण आला होता म्हणतात, कडा खाऊन निघून गेला. रोपांच्या पिशव्या त्यांनी पाणी न घालता तशाच ठेवल्या आणि त्या वाळल्या. बायको रोज जायची. आता ते तिला लवकर उठवायचे नाहीत, बस चुकेल म्हणायचे नाहीत, तिच्या हातचं जेवायचे, ती काही बोलली तर मान हलवायचे. बाप तिला परत मिळाला होता, पण तो बसून राहिलेला.

कुंती मात्र बसून राहिली नाही. पाऊस पडून गेला आणि शहरभरच्या कुंपणांतून शेंडे वर आले, वेडेवाकडे, हातभर. मग त्या शेंड्यांवर कळ्या आल्या. एके सकाळी सगळीकडे एकदम उमललं. इस्पितळाची रांग, कोर्टाचा चौकोन, शाळेची कड, सगळं पांढरं. नर्सबाया एकमेकींना विचारायला लागल्या, वास कुठून येतोय? इतकी वर्षं ज्या झुडपांच्या कडेने लोक गेले, त्यांना ती पहिल्यांदाच दिसली. फळवाला म्हणून मलाच थांबवून लोक विचारायचे, हे संत्र्याचं झाड आहे का? सासरे एकदा काडेपेटी आणायला बाहेर पडले, तर बँकेच्या साहेबाने गाडी थांबवून विचारलं, लेव्हलकाका, यंदा काय जादू केलीत? ते काडेपेटी न घेताच परत आले.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. खोली तापलेली होती, तरी खिडकी बंद. फटींत त्यांनी कापूस कोंबून ठेवला होता, गादीवाल्याकडचा, नीट, एका रेषेत. दार उघडल्याबरोबर आमच्या मागून वास आत आला. पलंगावरून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

बायको जाऊन त्यांच्या पायाशी बसली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बागेत असाच यायचा ना?"

"असाच," ती म्हणाली.

मग ती उठली आणि दार लावून घेतलं. खालच्या फटीतून वास येतच होता. तिने पलंगाखालचा कापूस गोळा केला आणि खाली बसून ती फट बुजवायला लागली.